बाबांच्या ट्रेकमध्ये पाणी मुरत होतं

बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "मी एकदम ठणठणीत" असं लिहून पुढे दंड फुगवलेला तो पिवळा हात टाकला आणि माझं डोकंच सटकलं. ठणठणीत! आमच्या घरात या शब्दावर बंदी घालायला हवी होती. आदल्या वर्षी आईसुद्धा अशीच ठणठणीत होती. दर रविवारी मी वेलिंग्टनहून पुण्याला फोन करायचे. आई म्हणायची, मजेत आहे गं, जरा थकवा आहे इतकंच. दादा म्हणायचा, छान आहे आई. बाबा म्हणायचे, तू तुझं बघ. आणि एक दिवस दादाचा फोन आला, लगेच निघ. मी सिंगापूरला विमान बदलत होते तेव्हा ती गेली. निदान होऊन कितीतरी महिने झाले होते म्हणे. दादाला ठाऊक, वहिनीला ठाऊक, शेजारच्या काकूंना ठाऊक, फक्त मला नाही. का? तर तू एवढ्या लांब, तुला उगाच काळजी नको.

उगाच काळजी नको! अप्पर हट गावातल्या फार्मसीत मी दिवसभर लोकांना त्यांच्या गोळ्या समजावून सांगते आणि माझ्या आईला काय गोळ्या चालू होत्या ते मला तेराव्याला कळलं. परदेशातल्या लेकरापासून आजार लपवायचा हा आपल्याकडे प्रेमाचा प्रकार समजतात. समजोत बापडे. मी मात्र कानाला खडा लावला होता. यापुढे कोणाचं "छान" आणि "मजेत" ऐकून घेणार नव्हते. राहिले होते बाबा. बाबांच्या बाबतीत मला शेवटी कळलेलं चालणार नव्हतं.

तर दोन हजार सोळाच्या थंडीत, म्हणजे इथल्या थंडीत, जूनमध्ये, बाबांनी स्वतःहून विषय काढला. डिसेंबरमध्ये ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जॉन्सनव्हिलला येणार होतेच. म्हणाले, "तुमचे आल्प्स बघू या. साउथ आयलंडला जाऊ. डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्या असतात ना, तशा एका हटवरून दुसऱ्या हटवर, तीन रात्री. आपण दोघंच."

दोघंच? जावई नको? नात नको? बाबा म्हणजे आयुष्यभर रविवारी अर्धी बस भरून माणसं किल्ल्यावर नेणारा माणूस. त्यांना दोघंच कधीपासून आवडायला लागलं? नवऱ्याला सांगितलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "जा की. मी सांभाळतो घर." मी शनिवारी दुपारी तासभर मैत्रिणीकडे गेले तरी "भात कुठल्या भांड्यात लावायचा" असा फोन करणारा हा प्राणी चार दिवस घर सांभाळणार होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, हा निरोपाचा ट्रेक आहे. बाबांना काहीतरी झालंय. पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि आता तर माझा नवराही सामील आहे.

इथे उन्हाळ्यातल्या हट्सचं बुकिंग थंडीतच उघडतं आणि बघता बघता संपतं. त्यामुळे रोज संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल. आधी जेवणाचा घोळ झाला. बाबांच्या डोक्यात किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. "हटवर रेंजर असतो ना? मग त्याला आधी सांगून ठेव, साधा पिठलं-भात चालेल. जास्त काही करू नकोस म्हणावं."

"बाबा, तो चहासुद्धा देणार नाही. आपला शिधा आपण न्यायचा, आपली भांडी आपण न्यायची, कचरा पाठीवर घालून परत आणायचा."

"मग तो तिथे करतो काय?"

"संध्याकाळी येऊन उद्याचं हवामान सांगतो."

"हवामान सांगायला माणूस ठेवलाय!" बाबा कितीतरी वेळ हसत होते. मीही हसले. हसता हसता बघत होते की त्यांना धाप लागते का. कॅमेरा सारखा कपाळावर. तोंड नीट दिसेल तर शपथ.

मग प्रश्न सुरू झाले. मी सुचवलेली खिंडीची वाट त्यांनी मोडीत काढली आणि सरळ दरीतून जाणारी घेतली. दुसऱ्या हटवरून परत फिरता येतं का? रेंजरकडे रेडिओ असतो ना? हेलिकॉप्टर कुठवर उतरतं? झोपायला खालचा बंक मिळेल का, वर चढायला नको. पाय मुरगळलेल्या माणसाला पाठुंगळीला मारून ज्यांनी आख्खा किल्ला उतरवला होता, ते मला हेलिकॉप्टर विचारत होते!

दादाला फोन केला. "छान आहेत की बाबा," दादा म्हणाला.

"तुझं 'छान' तू तुझ्याकडे ठेव. ईसीजी काढून पाठव."

पठ्ठ्याने दोन दिवसांत पाठवला. आमच्या शेजारच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, सुंदर आहे, असा माझा असता तर. मला बरं वाटायला हवं होतं. घरी येईपर्यंत मला वाटायला लागलं की हा ईसीजी बाबांचा नाहीच. वर नाव त्यांचं होतं, पण नाव काय, कोणाच्याही कागदावर छापता येतं. इतकी वेड्यासारखी मी झाले होते, आणि तेव्हा ते मला हुशारीचं वाटत होतं.

डिसेंबरात बाबा आले. एअरपोर्टवर ट्रेकिंगचे बूट तपासतात, कुठली माती येऊ नये म्हणून. अधिकाऱ्याने बूट उलटे केले, वास घेतल्यासारखं केलं, आणि खूश होऊन परत दिले. मी मात्र ते बूट बघून हादरले. एवढे स्वच्छ! तळव्याच्या खाचेत सह्याद्रीचा एक कण नाही. म्हणजे हा माणूस कित्येक महिन्यांत चढलेलाच नाही. रात्री जेवताना विचारलं तर म्हणाले, "अगं तूच नियम पाठवलेस ना, बूट धुऊन आणा म्हणून? दादाने टूथब्रशने घासलेत." बरोबर होतं. मीच पाठवले होते. पण उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांची बॅग उचकली. हो, उचकली. बीपीची जुनीच गोळी, ईसबगोल, अमृतांजन. लपवलेलं काही नाही. पट्टीवरची तारीख बघितली, गोळ्या वेळच्या वेळी घेतलेल्या. म्हणजे खरी औषधं कुठेतरी दुसरीकडे असणार.

आणि स्वयंपाकघरात बाबा आणि माझा नवरा कुजबुजत असत. मी आत गेले की गप्प. काय चाललंय विचारलं तर म्हणे क्रिकेट. माझ्या नवऱ्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. ताकास तूर लागू देतील तर ना!

सराव म्हणून आम्ही घरामागची टेकडी चढायला लागलो. वर टीव्हीचा टॉवर आहे आणि वेलिंग्टनचा वारा असा की तोंड उघडलं तर तोंडातलंच उडून जाईल. पाठीवर भरलेल्या सॅक. बाबा म्हणायचे, "तू हो पुढे. मी येतो मागून." मी मनात म्हटलं, वा! मागे राहायचं म्हणजे दम खाल्लेला दिसत नाही. मग मीही डाव टाकायला लागले. मुद्दाम पाय उचलायचे, वळणावर गपकन मागे वळून बघायचे. दर वेळी बाबा शांत उभे. ना कमरेवर हात, ना छाती धरलेली. आणि दर वेळी त्यांची नजर समुद्राकडे नाही, माझ्याकडे. वर पोचल्यावर मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. नवऱ्याला वाटलं होतं तो मी मुलीच्या दम्यासाठी आणलाय. आकडा उत्तम. धाप मला लागली होती. बाबांनी पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सावकाश. घाई नाही."

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी अशीच गर्रकन वळले आणि ते "सावकाश" म्हणताना त्यांचा चेहरा बघितला, आणि थांबलेच. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. लहानपणी मी त्यांच्याबरोबर किल्ल्यावर जायचे तेव्हा बाबा कधीच सगळ्यांच्या पुढे नसत. पायथ्याला चहा पिता पिता ते माणसं हेरून ठेवत. ज्याचं काही खरं नाही असं वाटे त्याला गोड बोलून पुढे घालत आणि स्वतः दिवसभर त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर चालत. त्या माणसाला वाटे, काकांचं वय झालं, बिचारे मागे पडतात. मी एकदा विचारलंही होतं. तेव्हा म्हणाले होते, ज्याची काळजी वाटते त्याच्या पुढे जायचं नसतं, तो दिसत नाही मग.

अगं बाई! म्हणजे खालचा बंक माझ्यासाठी. रेडिओ माझ्यासाठी. हेलिकॉप्टर माझ्यासाठी! आजारी कोण, तर मी?

घरी आल्यावर सॅक दारातच टाकली. नवरा ओट्यापाशी चहा ठेवत होता. मी दोघांनाही तिथेच धरलं. "काय सांगितलंयस तू यांना माझ्याबद्दल?"

"कुठे काय," बाबा म्हणाले.

"बाबा, आता 'कुठे काय' म्हणालात तर तुम्हाला पुढच्या विमानाने परत पाठवीन. खरंच पाठवीन."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "मीच फोन केला होता त्यांना. तू सकाळी फार्मसीच्या बाहेर गाडीत बसून राहतेस. मला तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने सांगितलं. दार उघडून आत जायला तुला अर्धा तास लागतो. प्रत्येक बाटली तिसऱ्यांदा तपासतेस. बाबा शेवटचे ऑनलाइन कधी होते ते जेवताना बघतेस. आई गेल्यापासून एकदाही रडलेली नाहीस. मला काही सुचेना. त्यांना म्हटलं, तुम्ही घेऊन जा हिला कुठेतरी. तुला सांगणार होतो, पण तुला उगाच..."

"उगाच म्हणालास तर बघ!"

त्याने गॅस बंद केला. मला भयंकर संताप आला होता. पुन्हा तेच! माझ्याच बाबतीतलं, माझ्याच घरात, मला सोडून सगळ्यांना ठाऊक. मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला शरम नाही वाटत? एकदा करून भागलं नाही?"

"वाटते," बाबा म्हणाले. "पण मी काय करायचं होतं? विचारलं की तू म्हणतेस, ऑल गुड बाबा. दर रविवारी ऑल गुड. आवाज ऐकून कळतं गं. म्हटलं, समोर जाऊन चालताना बघावं. बसलेला माणूस खोटं बोलतो, चढावर बोलता येत नाही."

मी खुर्चीत बसले. पायांत बूट तसेच होते, जमिनीवर टेकडीची माती पडत होती. बाबा समोर बसले. त्यांनी वाकून माझ्या बुटाची नाडी सोडली आणि बूट काढायला घेतला.

"मला बरं नाहीये बाबा," मी म्हटलं. "आणि मला दादाचा राग नाही येत. तुमचाही नाही. म्हणजे येतो, पण तो भांडून जातो. मला आईचा राग येतो. ती स्वतः माझ्याशी बोलायची. तिच्या तोंडाने खोटं बोलायची. मेलेल्या आईचा असा राग येतो कोणाला? कोणाला सांगू मी हे?"

बाबांनी बूट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मलाही येतो."

"तुम्हाला कशाला? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं."

"मला कागद ठाऊक होते," बाबा म्हणाले. "दुखतंय, असं ती मला एकदाही म्हणाली नाही. शेजारी बसलेलो असायचो गं मी. दुखतंय का विचारलं की मलाच विचारायची, तुम्ही जेवलात का?"

आणि मग मी रडले, वर्षभराचं एकदम, नाक गळेपर्यंत, बाबांचा हात धरून.