कुकरची रिंग आणि शिंप्याचा रिपोर्ट

प्रयोगशाळेत सगळे त्यांना रंगारीकाका म्हणायचे. भिंती नव्हते हो रंगवत. माणसाच्या अंगातून सुईने काढलेले दोऱ्याएवढे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. तीस वर्षं हाच उद्योग. त्यामुळे घरी पडदे घ्यायचे म्हटलं की दुकानदाराच्या तोंडाला फेस यायचा. "हा तपकिरी खरा नाही," म्हणत काका गठ्ठे परत करायचे, आणि काकू दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायच्या, ह्या गृहस्थांशी आपला काहीच संबंध नाही अशा चेहऱ्याने.

काकांचा जीव मात्र एका कुकरवर. साधा, घरात असतो तसा कुकर. काही तपासण्यांत रंग घालण्याआधी काचा औषधाच्या पाण्यात दाबाखाली उकळाव्या लागतात, नाहीतर रंग धरतच नाही. ह्या कुकरला दुसऱ्या कुणी हात लावायची टाप नव्हती. पण त्याची रिंग सैल झाली होती. नवी मागवायची तर अर्ज लिहा, तीन सह्या घ्या, काकांना कंटाळा. घरी हा विषय निघाला तेव्हा काकूंनी सहज सांगितलं की रिंग तासभर फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट होते. काकांनी ठेवली. दोन दिवस झालीही घट्ट.

तिसऱ्या दिवशी शिंप्याची काच आली. सहासष्ट वर्षांचा माणूस. रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला, म्हणून प्रोस्टेटमधून बारा तुकडे काढले होते. अकरा स्वच्छ, बाराव्यात मोजून सात-आठ ग्रंथी संशयास्पद. निरोगी ग्रंथीभोवती पेशींचं एक कुंपण असतं. ते तपकिरी रंगलं तर बरं. कॅन्सर असेल तर कुंपणच नसतं. ते बघायलाच ही तपासणी.

शिंपी बाहेर बाकावर बसला होता, टेप गळ्यातच. भीती दाबायला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे तपासत होता. काका दारातून गेले तर म्हणाला, "साहेब, तुमच्या पँटचा डावा पाय अर्धा इंच लांब आहे." काका म्हणाले, पाय माझाच आखूड असेल. शिंपी हसला आणि लगेच विचारलं, "आज कळेल ना?"

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमनी काच काकांनी बघायच्या आतच ट्रेमधून उचलली. बाहेरून तिसऱ्यांदा विचारणा झाली होती. त्यांनी थेट संशयाची जागा गाठली आणि हळूच म्हणाल्या, "कुंपण नाही."

पण काकांची एक सवय जात नव्हती. प्रत्येक काचेच्या टोकाला ते निरोगी म्हणून माहीत असलेला एक तुकडा लावायचे. त्याला म्हणायचे साक्षीदार. तोच रंगला नाही तर बाकीच्यांवर विश्वास कसला?

"मॅडम, आधी साक्षीदार बघा."

मॅडमनी काच सरकवली. साक्षीदार फिक्कट निळा, तपकिरीचा ठिपकासुद्धा नाही. बाजूच्या निरोगी ग्रंथीही तशाच कोऱ्या.

औषध शिळं निघालं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. काकांनी चष्मा काढला. "चूक माझी आहे. रिंग फ्रीजमध्ये ठेवून वापरली. दाब आलाच नसणार."

"फ्रीजमध्ये?" मॅडम बघतच राहिल्या. मग विचारलं ते महत्त्वाचं: जादा काप किती? एकच होता. संशयाची जागा इतकीशी, की आणखी कापायला गेलं तर हाती लागेलच असं नाही.

शिंप्याला उद्या यायला सांगितलं. काकांनी घरी फोन लावला. काकूंनी घरच्या कुकरसाठी त्याच मापाची नवी रिंग आणून ठेवली होती. ती घेऊन त्या तासाभरात हजर. हातात रिंग ठेवता ठेवता म्हणाल्या, "घरी बटाटे कच्चे राहिले तर तुम्ही तसेच गिळता. इथे कोण गिळणार?" काका रिंग बसवायला वळले.

त्या दिवशी काका कुकरसमोरून हलले नाहीत. चहासुद्धा तिथेच, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी काच लावली आणि न सांगता आधी टोकाकडे गेल्या. साक्षीदार खणखणीत तपकिरी. मग संशयाची जागा. त्यांनी सरकून काकांना जागा दिली. ग्रंथींभोवती बारीक रेघ होती, मधेमधे तुटलेली, धावदोरा घातल्यासारखी. पण होती.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "अधूनमधून रक्त तपासत राहू."

शिंप्याला त्यांनीच सांगितलं, पहिली काच का फुकट गेली तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे टिपले, आणि बाहेर येऊन काकांच्या पायाशी उकिडवा बसला. काका दचकून मागे सरकले. "हलू नका," शिंपी म्हणाला आणि डाव्या पायाला टेप लावला.

नव्या रिंगच्या अर्जावर तीन सह्या त्याच दुपारी झाल्या. 'कारण' ह्या रकान्यात काकांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: माझा आळस. आणि पँट? संध्याकाळी काकूंनी ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. डावा पाय लांब आहे हे त्या तीन वर्षं सांगत होत्या.