नकाशातला सोफा

नागपूरच्या ज्या बांधकाम कंपनीत मला नोकरी लागली, तिथे इमारतींचे डिजिटल ट्विन करायचे ठरले. म्हणजे कम्प्युटरमध्ये इमारतीची हुबेहूब प्रत करायची आणि खऱ्या इमारतीत सेन्सर बसवून तिथली उष्णता, ओलावा त्या प्रतीत सतत उमटू द्यायचा. आमच्या मॅडमनी प्रत्येकाला सरावासाठी एक घर निवडायला सांगितले. ज्यांची प्रत खऱ्या घराशी जुळेल, त्यांना नव्या गटात घेणार होत्या. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. ती जागा मला फार हवी होती. मी सौंसरजवळच्या खेड्यातले आमचेच शेतकऱ्याचे घर निवडले.

समोरच्या खोलीत खिडकीखाली सेन्सर बसवताना बाबा बाजूला उभे होते.

“काय करून राहिली तू?”

“आपल्या घराचं जुळं बनवून राहिली, बाबा. कम्प्युटरात.”

“अन् त्याले पोसन कोन?”

आई हसली. पण स्क्रीनवर ती खोली पाहून बाबा गंभीर झाले.

“रिकामी काहून? तुह्या हापिसातले लोक पाहतीन. सोफा टाक.”

आमच्याकडे सोफा नव्हता. तरी मी टाकला.

दिवाळीनंतर त्या खोलीचे आकडे प्रतीशी जुळेनात. बाहेर दुपारी ऊन, पहाटे गारठा. पण सेन्सरवरचे तापमान जागचे हलेना आणि ओलावा वाढलेला.

“सेन्सर खराब आहे,” मॅडम म्हणाल्या. “हे घर सोडून दे.”

मी घरी फोन लावला.

“बाबा, समोरच्या खोलीत काय आहे?”

“काय असन? कापूस भरला. खिडकीच्या वर गेला.”

मला हसूच आले. भाव येईपर्यंत कापूस समोरच्या खोलीत राहतो, हे मला कोणी सांगायला नको होते. त्याच ढिगाला टेकून मी बारावीचा अभ्यास केला होता. सेन्सर आता त्या दवाने ओलसर कापसाच्या पोटात होता.

मी मॅडमना म्हटले, “सेन्सर ठीक आहे. माझं घर चुकलंय.”

प्रतीतला सोफा काढून मी तिथल्या खोलीत कापूस भरला. हळूहळू आकडे जुळले आणि मॅडमनी मला नव्या गटात घेतले.

ते सांगायला फोन केला, तर बाबांनी आधी विचारले, “सोफा काढला का?”

“काढला.”

“बरं. पन कापूस चांगला पांढरा दाखवजो.”