काळी चारचा हट्ट

धर्मांतराला सात-आठ वर्षं झाली असतील. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात भजनमंडळ होतं आणि त्याचा मुख्य गायक मी. माझी पट्टी पेटीवरची काळी चार. पार राजेगावपर्यंत लोक मला त्या चढ्या आवाजामुळेच ओळखत. मग क्षयानं गाठलं. नागपूरच्या दवाखान्यात कितीतरी महिने पडून होतो. जगून परत आलो, पण एक फुप्फुस कामातून गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी गायची मनाई उठवली तेव्हा बुद्धजयंती तोंडावर आली होती. मला एकच धास्ती होती, की आता आपण गायक उरलो आहोत की नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मंडळ बसलं. पेटीवर माझा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं पेटीच्या पट्ट्यांवर दुपट्टा पांघरला होता आणि त्याखाली बोटं घालून वाजवत होता.

"काहून रे, पेटीले थंडी वाजून राह्यली का?" मी विचारलं.

"हौ. तिचीबी तब्येत नाजूक हाय."

ऐन वैशाखात थंडी. पहिला सूर कानी पडताच उलगडा झाला. गड्यानं मला न विचारता पट्टी काळी दोनवर उतरवली होती, आणि त्याची बोटं मला दिसू नयेत म्हणून हा पडदा. जसा काही मी डोळ्यांनीच गातो. माझं डोकं फिरलं. आजार परवडला, पण ही कीव मला सहन होईना.

"काळी चार लाव, नाई त मी उठून जातो."

त्यानं लावली. धृपद निभावलं. अंतऱ्याला आवाज वर नेला आणि छातीतला दमच संपला. खोकल्याची उबळ आली. मागच्या साथीदारांनी ओळ उचलली आणि शेवटापर्यंत नेली. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून जावं म्हटलं, तर पाय निघेना. गाणं चालू होतं आणि मला तिथेच बसायचं होतं. शेवटी मित्राला म्हणालो, "लाव तुह्यी काळी दोन."

मग गायलो. खालच्या सुरात, सावकाश, दम संपायच्या आत ओळ साथीदारांच्या हवाली करत. पूर्वी ओळ सोडताना माझा जीव तुटायचा. आता ती त्यांच्याकडे गेली की मी ऐकत बसायचो. मंडळी फार छान गात होती, आणि इतकी वर्षं त्यांच्यापुढे बसून मला ते ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी मनापासून सुखी होतो.

घरी बायको वाढायला बसली. न राहवून मीच विचारलं, "कसं झालं?"

"आधी तुमचं गाणं साऱ्या वॉर्डाले ऐकू जाये," ती म्हणाली. "आज मले ऐकू आलं."

थोडा भात वाढ म्हणालो.