पाणीमंत्र्यांचा अर्ज

साहेब पाणीखात्याचे मंत्री होते तेव्हा त्यांच्या दारात माणसांची रीघ लागायची. पाइपांच्या कंत्राटात त्यांनी हात ओले केले, प्रकरण अंगाशी आलं आणि पाच वर्षं तुरुंगात गेली. सुटले त्या दिवशी फाटकाबाहेर एकटी थोरली बहीण उभी होती.

"चल धाकट्या, बस चुकेल," एवढंच म्हणाली.

ताईची लाँड्री होती. तिने त्यांना इस्त्रीच्या टेबलाशी उभं केलं. "गल्ल्यावर मात्र मीच बसणार हं!"

साहेबांना हसू फुटलं. कित्येक वर्षांनी.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका मास्तरांचा सदरा जाळला. मास्तरांनी त्यांना ओळखलं. "एका सदऱ्यावर निभावलं म्हणायचं!" साहेबांनी मान खाली घातली. ताईने मास्तरांना नवा सदरा आणून दिला आणि भावापुढे इस्त्रीचा पुढचा कपडा ठेवला.

मग एकदा टेकडीवरच्या वस्तीतली नर्सबाई आली. तिकडे नळ कोरडे पडले होते. खात्यात खेटे घालून चपला झिजल्या, पण कोणी दाद घेईना.

"साहेब, अर्ज लिहून द्या."

साहेबांचा चेहरा पडला. "बाई, ते पाइप माझ्याच सहीने पडलेत."

"ठाऊक आहे. म्हणून तर आले. दुखणं नेमकं कुठे आहे, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत?"

इस्त्री बाजूला ठेवून साहेब लिहायला बसले. कुठल्या वळणापासून पातळ पाइप टाकलेत, कुठे सांधे कच्चे आहेत, तपासणी न करताच कुठे शेरा मारला, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'हे काम मी डोळे उघडे ठेवून मंजूर केलं होतं,' आणि खाली सही केली. आता खात्याला कानावर हात ठेवता येईनात. तरी चार महिने गेले, मग एकदाचं खोदकाम सुरू झालं.

पाणी आलं तेव्हा नर्सबाई मुद्दाम सांगायला आली. आपल्याला अजून कोणी काम सांगतं, याचंच साहेबांना अप्रूप वाटत होतं.

हल्ली रोज दोघं-तिघं कागद घेऊन येतात. "इस्त्री थंड होते," ताई कुरकुरते आणि आलेल्यांना स्टूल सरकवते.

परवा साहेबांना राहवलं नाही. "ताई, तू होतीस म्हणून..."

"पुरे," ती म्हणाली. "चादरीचं ते टोक धर."

त्यांनी धरलं. दोघांनी मिळून घडी घातली.