गाण्याआधीचा आवाज

भावाने सुरतेत कॅसेटची कंपनी काढली, तेव्हा कंपनी म्हणजे तो, मी आणि पर्वत पाटियाजवळची आमची एक खोली. नव्वदचं दशक पुरतं संपायच्या आत ती कंपनीही संपली आणि भाऊही. मधल्या काळात आम्ही बारा कॅसेटी काढल्या. सगळ्या आमच्या खानदेशच्या बायकांच्या: कानबाईची गाणी, हळदीची, जात्यावरची. कव्हरवर केळीचं पान. कडोदऱ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या वाजत, आणि धुळ्याला जाणाऱ्या बसमध्येही.

चाळीच्या खालीच माग होते. त्यांच्या खडखडाटात रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असे, तोच आमचा दिवस. पण त्या दिवशी खोलीतही वीज नसे, म्हणून टेप सेलवर चालवायचा. सेल उतरले की टेप हळू फिरे आणि नंतर विजेवर लावल्यावर गाणारी बाई लहान मुलीसारखी किणकिणे. यावर भावाने युक्ती काढली. प्रत्येक गाण्याआधी तो स्वतः बोलायचा, नेहमी तेच: "एक, दोन, तीन. सेल नवा शे, पोट भरेल शे. आते गानं." बायका तोंडाला पदर लावून हसत.

प्रती काढायचं काम माझं. मशीनला वेगाचा एक स्क्रू होता. भावाचा आवाज अगदी भावासारखा येईपर्यंत मी तो फिरवायची. तो मागे उभा राहून विचारायचा, "सांग वं, हाऊ मनाच आवाज शे का?" मी मान हलवली की वेग बरोबर. मग त्याचं बोलणं सोडून, नेमकं पहिल्या सुरापासून मी प्रत काढायची. या कामात मी फार चोख होते.

एकदा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ना एखादामा."

"कंपनीच्या कॅसेटवर असली बडबड शोभत नाही," मी म्हटलं. तेव्हा मी बी.ए. झाले होते आणि घरातही पुस्तकातलं मराठी बोलत होते.

"हा, मास्तरीनबाई," तो म्हणाला. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

रेकॉर्डिंगची चांगली टेप एकच होती. पहिली प्रत निघाली की त्या मूळ टेपवरच पुढचं भरायचं, हा काटकसरीचा सल्लाही माझाच. दोन दिवसांच्या तापात भाऊ गेला, तेव्हा बाराव्या कॅसेटची ती टेप मशीनमध्येच होती. काही महिन्यांनी एम.ए.च्या परीक्षेसाठी मी तिच्यावर माझी उत्तरं वाचून भरली, स्वयंपाक करताना ऐकायला. बटण दाबताना बोट थांबलं असं लिहायला मला आवडलं असतं. ते थांबलं नाही. त्याचा आवाज तेव्हा कानात इतका ताजा होता की तो कुठे जपून ठेवायला हवा, हे सुचलंच नाही.

तो गेला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. ती कॉलेजात जायला लागली, तेव्हा एका दुपारी तिने जुना टेप दुरुस्त करून आणला. आम्ही बाराही कॅसेटी लावल्या. दर गाण्याआधी थोडी खरखर, मग एकदम बाईचा स्वच्छ, खरा आवाज.

"आत्या, आमां पप्पा क्यां छे?" यात पप्पा कुठे आहेत, असं तिने विचारलं. ती गुजरातीतच बोलते.

मी तिला सेल, स्क्रू, सगळं सांगितलं. तो काय बोलायचा तेही सांगितलं.

"त्यांच्यासारखं बोलून दाखव ना," ती मराठीत म्हणाली, खास माझ्यासाठी.

मी डोळे मिटले. "एक, दोन, तीन. सेल नवा शे, पोट भरेल शे..." शब्द बरोबर होते. पण इतकी वर्षं वर्गात शिकवणाऱ्या तोंडातून ते धडा वाचल्यासारखे निघाले.

"हे तर तुझ्यासारखंच वाटतं," ती हळूच म्हणाली आणि तिने कॅसेटची बाजू बदलली.