सगळ्यात सुरक्षित जिल्हा

साहेबांची लाल पेन्सिल यादीतल्या त्या वळणावर टेकली आणि मी खुर्चीवरून उठलो.

"बसा," साहेब म्हणाले. बसलो. पुन्हा उठलो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात रस्त्यांच्या एका सरकारी कार्यालयात मी स्टॅटिस्टिकल असिस्टंट होतो. कोणत्या जिल्ह्यातले रस्ते जास्त जीवघेणे, हे ताडून बघणं माझं काम. नुसते मृत्यू मोजून चालत नाही; जिथे गाड्या जास्त तिथे अपघातही जास्त. म्हणून मृत्यूंना गाड्यांच्या संख्येने भागायचं. याला रेट म्हणतात. रेट कमी, तर जिल्हा शहाणा.

त्या वर्षी शेजारचा जिल्हा पहिला आला, नागपूर शेवटचं. तक्ता मी साहेबांपुढे पडदा उघडावा तशा थाटात उलगडला. परिणाम असा, की त्या जिल्ह्यातलं नदीकाठचं एक वळण साहेब दुरुस्तीच्या यादीतून काढायला निघाले. यादी शनिवारी मुंबईला जायची होती.

तिथले ज्युनियर इंजिनियर वासुदेवराव समोरच उभे होते. "साहेब, त्या वळणावर माणसं मरून राहिले जी!"

"कागदावर कुठे मरतात?"

"कागदाले काय विचारता? एक डाव माह्या मोटरसायकलवर मागं बसा!"

साहेब माझ्याकडे वळले. "तक्ता कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदाच इतक्या हळू.

शनिवारपर्यंत मुदत मिळाली. मी रेट तीनदा काढला. गाड्या बरोबर, भागाकार बरोबर. जेवण गोड लागेना. शेवटी तिकडच्या पोलीस ठाण्यांचे मूळ रिपोर्ट काढले. त्या वळणावरच्या जवळपास प्रत्येक अपघातापुढे एकच शेरा: 'जखमी, नागपूरला रवाना.' रवाना झालेला माणूस पुढे जगला की गेला, याची कागदाला फिकीर नव्हती.

सायकल काढली आणि मोठ्या सरकारी दवाखान्यातली पोलीस चौकी गाठली.

"काहून आले जी?" हवालदारांनी विचारलं.

"मेलेले मोजायला."

"मंग बसा निवांत. लय आहेत."

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. पानापानावर शेजारच्या जिल्ह्यातली गावं.

"हे नागपूरचे अपघात नाहीत!"

"जीव नागपुरात गेला ना? मंग नोंद बी इथलीच."

"त्यांच्या ठाण्याला कळवत नाही?"

"कळवतो ना गा! पण कागद पोचेपर्यंत त्यायचा महिन्याचा तक्ता निंगून गेला असते."

दोन दिवस मी एकेक नाव जुळवत बसलो. शुक्रवारी संध्याकाळी साहेबांना निघता निघता दारातच गाठलं आणि हात पसरून जाहीर केलं, "साहेब, हा जिल्हा मरणं एक्स्पोर्ट करतो!"

साहेब हसले नाहीत. परत आत आले, नवा तक्ता उभ्यानेच वाचला आणि वळण यादीत लिहिलं. आमचा पहिला नंबरवाला थेट तळाशी गेला होता.

वळणाचं काम झालं. मीही तक्त्यात एक रकाना वाढवला: जखमी दवाखान्यात दगावला, तर अपघात कोणत्या जिल्ह्यातला? सहा महिन्यांनी त्या जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्यांचं रीतसर पत्र आलं. 'सदर रकाना सुरू झाल्यापासून आमच्याकडील मृत्यू वाढले आहेत, तरी तो त्वरित बंद करावा.'

तेव्हापासून कुठलाही जिल्हा पहिला आला, की मी टाळी वाजवण्याआधी तिथला जवळचा मोठा दवाखाना कुठे आहे ते विचारतो.