वाटेतच ठेवलेला कागद

आज शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर, चवळीच्या वेलाखाली, ठिपकेवाल्या लाल किड्याची काळी काटेरी अळी दिसली आणि लहानपणीचं कुरुंदवाडचं परस आठवलं.

आम्ही जैन, त्यामुळे फवारणी नाही. आई अशा अळ्या अलगद कागदावर घेऊन कुंपणापाशी सोडायची. तरी घेवड्यावर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, वाढतच गेला.

शेवटी शेजारचे तात्या म्हणाले, "वैनी, ह्या अळ्याच मावा खात्यात की. परत आणा जावा."

आईनं कुंपणातून सापडतील तेवढ्या अळ्या कागदावर गोळा केल्या, वेलाकडं निघाली आणि मध्येच थांबली.

"मी नेऊन सोडल्या तर पाप मलाच लागणार की."

तिनं कागद वाटेतच ठेवला. "कुठं जायचं ते त्यांचं त्या बघतील."

मी आज अळी उचलून थेट चवळीवरच्या माव्यावर सोडली. मग उगीचच दोनदा हात धुतले.